निळ्या गोळीच्या खाली

“अर्धा तास झाला का?” खटावकर साहेबांनी विचारलं.

“बारा मिनिटं झाली, सर.”

“मग आणखी कशाची वाट बघतोस? तुकडे थांबलेत. मलाही डोळे आहेत.”

मी नळीकडे पाहिलं. काळ्या पाइपमधून कापलेले तांदळाएवढे तीन तुकडे निळ्या गोळीच्या दोन बोटं वर थांबलेले दिसत होते. ते खरंच थांबलेत की नाही, हे बारा मिनिटांत सांगणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. पण कारखान्याचे मॅनेजर पाठीशी उभे होते, मी तेवीस वर्षांचा होतो आणि नोकरीत कायम होण्याच्या पत्राला सतरा दिवस उरले होते. मी रजिस्टर पुढे ओढलं, आकडा लिहिला आणि खाली सही केली.

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत पाण्याचे काळे पाइप बनवणारा एक कारखाना होता. तिथल्या प्रयोगशाळेत मी केमिस्ट होतो. केमिस्ट म्हणजे दिवसभर पाइपचे तुकडे कापायचे, वजन करायचे, ताणून तोडायचे आणि वहीत लिहायचे. त्यात एकच काम मला मनापासून आवडायचं, ते म्हणजे घनता मोजणं. टेबलावर मीटरभर उंचीची काचेची नळी उभी होती. तिच्यात पाणी आणि अल्कोहोल असं बेतानं भरलेलं असे, की वरून खाली द्रव जड होत जाई. त्यात रंगीत काचेच्या पोकळ गोळ्या आपापल्या उंचीवर लटकत राहायच्या. पाइपचा तुकडा वरून सोडला, की तो सावकाश उतरत जाऊन स्वतःच्या घनतेच्या जागी थांबायचा. निळ्या गोळीच्या खाली बसला तर माल पास. वर राहिला तर नापास, म्हणजे प्लॅस्टिकच्या ज्या दाण्यांपासून पाइप बनतो, त्यात काहीतरी हलकं मिसळलंय.

पण सगळं सावकाश. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख देवस्थळी मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, “अर्धा तास म्हणजे अर्धा तास. शेवटचं दोन बोटं अंतर उतरायलाच तुकडा सगळ्यात जास्त वेळ खातो. त्याला घाई करायची नाही.” त्या बुधवारी मॅडम रजेवर होत्या. त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तो नवरा त्या दिवशी मी झालो.

आकडा वाचून खटावकर साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “हेमंत, तू मोठं काम केलंस.” तोवर ते मला ‘अरे कुलथे’ म्हणत. “गोदामातून दाण्याची पोती कमी होतायत, हे मला चार महिन्यांपासून माहीत आहे. पाइपचा चांगला दाणा बाहेर जातोय आणि त्याच्या जागी पिशव्यांचा हलका दाणा भरला जातोय. आता पुरावा मिळाला. गोदामाची किल्ली कोणाकडे असते?”

किल्ली कोणाकडे असते हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं. निवृत्ती आव्हाडकडे. त्यानं ती करगोट्याला बांधलेली असायची.

निवृत्तीभाऊ एकोणीस वर्षं मिक्सिंगवर होता. मी नवीन होतो तेव्हा मला दाण्यातला दाणा कळत नव्हता. सगळेच दाणे सारखे दिसायचे. त्यानं मुठीतून दोन दाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाला, “चावून पाहा, सायेब. लाजू नका.” मी चावले. “एक दबला ना? तो पिशव्यांचा. आन् हा दुसरा दाताला उलटा जवाब देतो, तो आपला पाइपाचा. मी रोज पोतं फोडलं का एक दाणा दाताखाली घेतो. यंत्र तुमचं, दात माझे.”

उसनं फेडायचं म्हणून मी त्याला नळी दाखवली. “ही निळी गोळी ध्यानात ठेवा, भाऊ. तिच्या खाली बसला, की आपला माल पास.” त्याला त्या नळीचं वेडच लागलं. प्रयोगशाळेची एक भिंत काचेची होती आणि बाहेर बाक होतं. येताजाता तो काचेला नाक लावून खुणेनं विचारायचा, बसला का खाली? मी मान डोलावली की खूश होऊन जायचा.

मी खोली करून एकटा राहायचो. म्हणून दर गुरुवारी त्याच्या डब्यात दोन भाकरी जास्त यायच्या, बाजरीच्या, आणि शेंगदाण्याची चटणी. त्याची बायको चांगुणाबाई पाठवायची. मी तिला एकदाच पाहिलं होतं, दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली तेव्हा. उंच, कमी बोलणारी बाई. निवृत्ती तिला जरा भिऊनच असायचा. “तिचा बाप गावचा पोलीस पाटील व्हता,” तो सांगायचा. “खोटं बोललेलं तिला चालत नाही. मी उशिरा आलो तरी दोनदा इचारती.”

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. अकरा वाजता साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी ठरली होती.

मी सव्वाआठला प्रयोगशाळा उघडली, काचेच्या भिंतीवरचा पडदा सारला आणि सवयीनं नळीकडे पाहिलं.

तिन्ही तुकडे निळ्या गोळीच्या खाली बसले होते.

दोन बोटं खाली, एका रेषेत, जसे चांगल्या मालाचे बसायला हवेत तसे. मी नळीचं तापमान पाहिलं, बरोबर होतं. गोळ्या आपापल्या जागी होत्या. पाइप चांगला होता. दाणा चांगला होता. चूक फक्त माझ्या सहीत होती.

मी वळलो तर काचेपलीकडे बाकावर निवृत्ती बसला होता. त्याला कामावर घेतलं नव्हतं, अकरापर्यंत इथंच थांबायला सांगितलं होतं. धुतलेला शर्ट, डोक्याला टोपी, मांडीवर डबा. त्यानं माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि किंचित हसला. मला वाटलं, आपली मर्जी राखायला हसतोय बिचारा. मी नजर वळवली.

आता सांगतो ते मी बावीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. नळीच्या तळाशी तारेची एक बारीक टोपली असते. साचलेले जुने तुकडे काढायचे, तर एका छोट्या मोटरनं ती टोपली वर ओढायची. द्रव ढवळला जाऊ नये म्हणून ती इतकी हळू चढते, की तळापासून वरपर्यंत यायला दोन तास लागतात. आमच्याकडे हे काम महिन्यातून एकदा, शनिवारी व्हायचं. मी गुरुवारी सकाळी साडेआठला मोटरचं बटण दाबलं.

बटण बंदही करता येतं. हे मी त्या दोन तासांत शंभरदा स्वतःला सांगितलं. टोपली तळाजवळ होती तेव्हा म्हटलं, अजून वेळ आहे, साहेबांना बोलावून तुकडे दाखवू. साडेनऊला ती अर्ध्यावर आली. मी साहेबांच्या केबिनपर्यंत गेलोसुद्धा. ते फोनवर होते. मला पाहून त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला. “हेमंत, तुझं पत्र आजच टाइप करायला दिलंय. काही हवंय का?”

“काही नाही, सर.”

परत आलो तेव्हा टोपली तुकड्यांना टेकत होती. तीन काळे ठिपके तिच्यात बसले आणि वर निघाले. निळ्या गोळीपाशी आले. निळ्या गोळीच्या वर गेले. मी तिथंच उभा राहून पाहत होतो, आणि हात खिशात होते. बाकावर निवृत्ती होता. तो माझ्याकडे बघतोय हे मला मान न वळवताही कळत होतं. आपण वाईट माणूस आहोत हे कळण्याचा एक नेमका क्षण असतो. माझा त्या सकाळी आला, आणि तो चांगला तासभर चालला. साडेदहाला मी तुकडे चिमट्यानं उचलून बेसिनमध्ये टाकले आणि नळ सोडला.

चौकशीला चौघे होतो. साहेब, कामगार अधिकारी, निवृत्ती आणि मी. साहेबांनी रजिस्टर उघडून त्याच्यासमोर सरकवलं.

“आव्हाड, यंत्र सांगतंय की तुझ्या दाण्यात भेसळ आहे. तुला काय म्हणायचंय?”

“सायेब, दाणा चांगला व्हता. मी सोता दाताखाली घेतला व्हता.”

कामगार अधिकारी हसला. “म्हणजे आता दातानं टेस्टिंग करायचं का आपण?”

निवृत्तीला राग आला नाही. तो माझ्याकडे वळला. अगदी शांतपणे, शाळेतला मुलगा बाईंनी खूण केलेलं गणित पुढे करतो तसा. “कुलथे सायबांना इचारा. ते काय सांगतील ते मला मान्य हाये.”

खोलीतला पंखा कुरकुरत होता. साहेब म्हणाले, “बोल हेमंत.”

मी म्हणालो, “रीडिंग आलं ते लिहिलंय, सर.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. तसंच वाक्य मी शोधून ठेवलं होतं.

निवृत्तीनं शर्ट वर केला, करगोट्याची गाठ सोडली आणि किल्ली टेबलावर ठेवली. गाठ जुनी होती, सुटायला वेळ लागला. साहेब म्हणाले, “पोलिसात देत नाही, एकोणीस वर्षांचा विचार करतोय. राजीनामा लिही.” त्याला लिहायला जमेना, म्हणून कामगार अधिकाऱ्यानं लिहिला आणि त्यानं सही केली. जाताना तो डबा बाकावरच विसरला. मी संध्याकाळी उघडला. त्यात पाच भाकऱ्या होत्या, तीन त्याच्या आणि दोन माझ्या.

सोमवारी मॅडम आल्या. त्यांनी रजिस्टर पाहिलं, मग टोपलीची नोंदवही पाहिली. “गुरुवारी का साफ केलीस नळी?”

“तुकडे फार साचले होते, मॅडम.”

त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला पटवत होतो. त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी शनिवारी कर.” एवढंच. नापास ठरलेला तो माल तोवर दळून दुसऱ्या मालात गेला होता. पुन्हा मोजायला काही उरलं नव्हतं.

गोदामातली पोती पुढेही कमी होत राहिली. त्यावर कुणी काही बोललं नाही, मीही नाही. मला पत्र मिळालं, मी कायम झालो, चार वर्षांनी दुसरीकडे गेलो. आता नाशिकच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. मुलांना सांगतो, अर्धा तास म्हणजे अर्धा तास. मुलं माझी नक्कल करतात.

निवृत्तीच्या गावी मी गेल्या महिन्यात गेलो. बैल गेला आणि झोपा केला, तसली गत. कारखाना बंद होऊन नऊ वर्षं झाली होती, खटावकर वारले होते. मग आताच का गेलो? मला पंचेचाळिशीत एक दुखणं झालं आणि रात्री झोप लागेना. यापेक्षा मोठं कारण नाही. मी सगळं कागदावर लिहिलं, तारखेसकट, आणि खाली सही केली. या वेळी खऱ्याखाली.

गाव सिन्नरपासून बसनं तासाभरावर होतं. घर विचारलं तर एक म्हातारा म्हणाला, “कोन निवृत्ती? दाणेवाला का?” आणि तोंड फिरवून हसला. बावीस वर्षांनीही.

निवृत्ती अंगणात शेळीला पाला घालत होता. मला त्यानं लगेच ओळखलं. “या, कुलथे सायेब.” ओट्यावर गोणपाट टाकलं, तांब्याभर पाणी आणलं. बोलताना दिसलं, पुढचा एकही दात नव्हता. मी पाणी प्यालो आणि पाठ केलेलं बोलायला लागलो.

“निवृत्तीभाऊ, त्या वेळी तुमचा माल चांगला होता. सकाळी तुकडे निळ्या गोळीच्या खाली...”

“ठावं हाये मला.”

मी तांब्या खाली ठेवला.

“मी बाकावर सात वाजल्यापासून बसलो व्हतो,” तो म्हणाला. “पडदा लावलेला व्हता. तुमी पडदा सारला तवा मलाबी दिसलं ना. तिन्ही खाली बसलेले. तुमीच शिकवलं व्हतं, निळी गोळी ध्यानात ठेवा. मी तुमच्याकडं पाहून मान हालवली. म्हटलं, सुटलो. सायबानं पाह्यलं, आता सायेब सांगतील.”

“मग तुम्ही का नाही बोललात?”

“मी बोलून काय व्हनार व्हतं? माझ्या दाताला हसले ते. डोळ्याला काय इचारनार व्हते? सही तुमची व्हती.” त्यानं शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. “मंग तुमी बटन दाबलं. मला वाटलं, दाखवायसाठीच वर काढत्यात तुकडे. सायबाच्या टेबलावर ठेवतील. मी दोन तास तेच म्हनत व्हतो. वर येऊ द्या, वर येऊ द्या. तुमी धुऊन टाकले तवा मला कळलं.”

मला त्या क्षणी मेलो तर बरं असं वाटलं. मी पिशवीतून कागद काढून त्याच्यापुढे धरला. “मी सगळं लिहून आणलंय. सही केलीय. तुम्ही हे कुणालाही दाखवा. गावात दाखवा.”

त्यानं कागद घेतला नाही. “कोनाला दाखवू? माझं आता काय राह्यलंय दाखवायसारखं? मोठ्या पोरानं तोंड पाहनं सोडलं, त्यालाबी बारा वर्सं झाली.” मग म्हणाला, “एकीला दाखवायचा व्हता.”

तो उठला आणि मला घरात घेऊन गेला. आत अंधार होता. भिंतीवर चांगुणाबाईचा फोटो होता, दसऱ्याला पाहिली होती तीच उंच बाई, त्याच नजरेची.

“तिला मी सांगितलं व्हतं, मी घेतलं नाही. ती म्हनायची, मंग यंत्र खोटं बोलंल का? शिकलेला मानूस खोटं लिहील का? तिनं मला जेवायला घातलं, दुखन्यात पाय चेपले, पन तिला माझं खरं वाटलं नाही. गेली त्या दिवशीबी मला जवळ बोलावून इचारलं तिनं. आता तरी सांगा, घेतलं व्हतं का?” त्यानं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. “वाचा तुमचा कागद.”

“इथं?”

“तिकडं तोंड करून वाचा.”

मी फोटोसमोर उभा राहिलो आणि वाचायला सुरुवात केली. सदर नमुन्याची घनता विहित कालावधीपूर्वी नोंदवली गेल्यामुळे... दोन ओळी झाल्या तोच त्यानं माझ्या हातावर हात ठेवला.

“असं तिला कळनार नाही. साधं सांगा.”

मी कागद खाली केला. “वहिनी,” मी म्हणालो, “त्यांनी काही घेतलं नव्हतं. माझी चूक होती. मला त्याच दिवशी कळली होती.”

बाहेर शेळी ओरडली. फोटोतली बाई होती तशीच समोर बघत राहिली. निवृत्ती बराच वेळ तिच्याकडे पाहत उभा होता, ती काही म्हणते का याची वाट बघत. मग त्यानं टोपी नीट केली.

“जा आता, सायेब,” तो म्हणाला. “चारची बस गेली का मंग सकाळपर्यंत गाडी नाही.”